तुम्ही विचारलंत म्हणून : त्याच आजाराच्या कादंबऱ्या मी का वाचते

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, अकरा वर्षे पार्किन्सनचा आजार होता. ते गेल्यावरही माझ्या उशाशी याच आजाराने ग्रासलेल्या घरांच्या कादंबऱ्या दिसतात, तेव्हा अमळनेरच्या वाचनालयातल्या मैत्रिणी एकच प्रश्न विचारतात. चुलतसासूबाईंनी तो अहिराणीत अधिक सरळ विचारला : “घरमा इतलं देखं, आखो पुस्तकमा कसाले देखस?” (घरात एवढं पाहिलंस, मग पुन्हा पुस्तकात कशाला पाहतेस?) तुम्हीही तोच विचारलात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आप्पा एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत. आजार आधी त्यांच्या वहीत दिसला आणि आम्हाला तो ओळखता आला नाही. कापसाच्या वजनांची ओळ सुरू होताना अक्षर टपोरे असे आणि शेवटचा आकडा मुंगीएवढा होऊन समासाला चिकटलेला असे. आम्ही त्यांचा चष्मा बदलून आणला. हात कापू लागला तो पुढे दोनेक वर्षांनी. हालचालींसाठी लागणारे डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतील पेशी कमी होत जातात, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. त्याची उणीव भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, कारण डाळी-दुधातली प्रथिने तिच्या आड येतात, हेही सांगितले, आणि तेव्हापासून आमच्याकडे वरण-बट्टीचा बेतसुद्धा घड्याळ पाहून होऊ लागला. पण अशा घरातली माणसे एकमेकांशी कशी वागू लागतात, हे सांगणे डॉक्टरांचे काम नव्हे. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर पहिला निबंध लिहिला तो सहा रुग्णांवरून, आणि त्यांतले काही त्यांनी रस्त्यातच पाहिले होते. घराच्या आत जाण्यासाठी मला कादंबरीच लागली.

रोहिंटन मिस्त्री यांची ‘फॅमिली मॅटर्स’ ही २००२ सालची इंग्रजी कादंबरी मुंबईतल्या एका पारशी कुटुंबाची आहे. नरिमन वकील हे ७९ वर्षांचे निवृत्त प्राध्यापक पार्किन्सनने आधीच खचलेले आहेत. पडून त्यांचा घोटा मोडतो, तेव्हा सावत्र मुले जाल आणि कूमी त्यांना मोठ्या घरातून उचलून सख्ख्या मुलीच्या, रोक्सानाच्या, चार माणसांनी आधीच भरलेल्या लहानशा घरात आणून सोडतात. ते परत येऊ नयेत म्हणून पुढे त्यांच्या खोलीच्या छताचा गिलावा मुद्दाम फोडला जातो. ते पान वाचून मी पुस्तक मिटले. आमच्याकडे हातोडा कोणी उचलला नव्हता, पण आप्पांना कोणी ठेवायचे हे ठरवायला तिघे भाऊ बसले, तेव्हा “आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे”, “मुलाचं दहावीचं वर्ष आहे” अशी वाक्ये बोलली गेली होती आणि त्यांतले दुसरे माझे होते. शेवटी आम्हीच गावातल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरी राहायला गेलो, तरी ते वाक्य आप्पांनी ऐकले होते.

रोक्सानाचा नवरा येझद सासऱ्यांच्या मलमूत्राच्या भांड्याला हात लावायला नकार देतो, मुलांनाही लावू देत नाही, आणि पुढे तोच त्यांची सेवा करू लागतो. लेखक त्याला आधी दोषी ठरवत नाही आणि नंतर देवमाणूसही करत नाही. स्वतःचा राग मला इतक्या मोकळेपणाने दुसरीकडे कुठे पाहता आला नव्हता. धाकटा जहांगीर आजोबांना घास भरवतो, त्या प्रसंगात तर काहीच घडत नाही, नुसता चमचा तोंडापर्यंत जातो. आणि तो किती वेळ जातो, हे ज्याने भरवले आहे त्यालाच कळते.

जोनाथन फ्रँझेन यांची २००१ सालची ‘द करेक्शन्स’ मला तेवढी जवळची वाटली नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले अभियंता अल्फ्रेड लॅम्बर्ट यांच्याकडे लेखक फार कठोरपणे पाहतो, असे माझे मत आहे. मात्र त्यांची पत्नी ईनिड, जी नवऱ्याचे काय चुकते हे अखेरपर्यंत त्यालाच सांगत राहते, ती मला माझ्या सासूबाईंकडे घेऊन गेली. आप्पा उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला खिळत, आणि त्या म्हणत, “अंगणात तर चालतात, इथंच बरे अडतात.” मग कोणीतरी सुचवल्यावरून फरशीवर हातभर अंतराने खडूच्या आडव्या रेघा ओढल्या, आप्पा एकेक रेघ ओलांडत आत आले, आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या.

मिस्त्रींची कादंबरी मी आप्पांना दुपारच्या गोळीनंतर मराठीत सांगत असे. छताचा भाग आला, तेव्हा मी तो वगळावा की काय, या विचारात थांबले, पण मग सांगितलाच. त्यांचा चेहरा तोवर इतका निश्चल झाला होता की त्यावरून काही कळेना. बऱ्याच वेळाने, कान ओठांशी न्यावा लागेल एवढ्या बारीक आवाजात, ते वर पाहत म्हणाले, “आपलं धाबं पक्कं शे.”