पाचशे तासांचं सर्टिफिकेट

जूनमध्ये भाची आली, ओहायोवरून, अडीच महिन्यांसाठी. तिकडं बायोलॉजी घेऊन तिसरं वर्ष संपवलंय आणि पुढं पीए व्हायचंय म्हणते. आता सांगलीत पीए म्हटलं की साहेबाची डायरी सांभाळणारा माणूस, त्यामुळं पहिले चार दिवस आमच्या आईला वाटत होतं की नात कुठल्यातरी आमदाराकडं लागणार.

तर हा पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. पेशंट तपासतो, निदान करतो, औषध लिहून देतो, ऑपरेशनला डॉक्टरच्या शेजारी उभा राहतो. कंपाउंडर नव्हे आणि नर्सपण नव्हे. अमेरिकेत १९६५ ला ड्यूक युनिव्हर्सिटीत याचा पहिला कोर्स निघाला, पहिल्या बॅचला चारच जण, नेव्हीत मेडिकलचं काम करून आलेले. म्हणजे आधी हातानं काम केलेला माणूस शोधायचा आणि मग त्याला वर्गात बसवायचं. ती सवय या कोर्सला अजून आहे.

हे मला कळलं भाचीकडनं. मी आपला मार्कांचं विचारत होतो आणि ती तासांचं सांगत होती. मार्क लागतातच, अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रो, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी हे सगळं ग्रॅज्युएशनमध्येच उरकायचं, जीपीए, म्हणजे मार्कांची चारपैकी सरासरी, निदान तीनच्या वर पाहिजे, आणि एखादा विषय परत देऊन चांगले मार्क पाडले तरी कॅस्पा म्हणून जो सगळ्यांचा एकच अर्ज असतो त्यात आधीचे मार्कपण धरतात. आपल्याकडं एटीकेटी सुटली की विषय संपला, तिथं तसं नाही. पण हे सगळं जमवलेली पोरं ढिगानं असतात. खरं अडतं ते पेशंटच्या कामाच्या तासांवर. कुठं पाचशे मागतात, कुठं हजार, कुठं दोन हजार. आणि डॉक्टरच्या मागं उभं राहून बघितलेलं वेगळ्या खात्यात जातं, केसपेपर काढून दिलेले वेगळ्या खात्यात, पेशंटची जबाबदारी स्वतःवर घेऊन केलेलं काम वेगळ्या. वजन या शेवटच्याला.

तिनं काय केलं, तर सीएनएचा, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाचा, कोर्स केला. तिथल्या कायद्यानं कमीत कमी ७५ तासांचं ट्रेनिंग असतं, मग परीक्षा, मग वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी नोकरी. शनिवार-रविवार नाइट शिफ्ट. म्हाताऱ्या माणसांना उठवणं, अंघोळ घालणं, बेडपॅन, डायपर. ताईनं हे दोन वर्षं आम्हाला सांगितलंच नव्हतं. फोनवर "हॉस्पिटलला जाते शिकायला" एवढंच. मी नंतर विचारलं तर म्हणाली, अरे काय सांगू, लोक म्हणतील अमेरिकेत जाऊन पोरगी आयाचं काम करते.

सातशेच्या आसपास तास झालेत तिचे, डिग्रीनंतर एक वर्ष थांबून उरलेले करणार आणि मग अर्ज. हे ऐकल्यावर माझ्यातला मामा जागा झाला. वर्षभर कशाला थांबायचं? मिरज पंधरा मिनिटांवर, १८९४ ला मिशन हॉस्पिटल निघालेलं गाव, गल्लोगल्ली दवाखाने, त्यात माझ्या ओळखी. एका ठिकाणी फोन लावला. समोरचा म्हणाला, पोरीला कशाला त्रास देताय, पाचशे तासांचं सर्टिफिकेट करून ठेवतो, शुक्रवारी या. मी खुशीत. घरी येऊन सांगितलं तर पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, मामा, अर्जात सुपरवायझरचा फोन नंबर द्यावा लागतो, आणि इंटरव्ह्यूला पहिलाच प्रश्न येतो, एखाद्या पेशंटबद्दल सांग. मी काय सांगू, शुक्रवारी सही झाली म्हणून?

मग तिथं नुसतं बघायला तरी जा म्हणलं. पण त्याच आठवड्यात आई बाथरूममध्ये घसरली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आठ दिवसांनी घरी आणलं आणि आमची सगळ्यांची पळापळ. मी आणि धाकटा भाऊ दोघं मिळून आईला काखेत हात घालून वर ओढायचो, ती ओरडायची, आम्ही घाबरायचो. पोरीनं आम्हाला बाजूला केलं. जुन्या चादरीची चौघडी करून आईच्या पाठीखाली घातली, दोन्ही गुडघ्यांत उशी दिली, "आजी, तीनपर्यंत मोजते हं" म्हणाली आणि चादरीसकट अलगद कुशीवर वळवलं. आई एक शब्द बोलली नाही. मग पाठ, माकडहाड, टाचा, सगळं टॉर्च मारून बघितलं कुठं लाल झालंय का. पोटऱ्यांखाली उशी सरकवली, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत म्हणे, नाहीतर तिथं जखमा होतात. दर दोन तासांनी हेच, रात्रीपण. भिंतीवर कागद चिकटवला, वेळ आणि कूस लिहायला.

एकदा म्हणलं, अगं हे तास लिही की अर्जात. हसली. घरच्या माणसाची सेवा बहुतेक ठिकाणी धरतच नाहीत, मामा.

आमच्या कॉलनीतली एक मुलगी बी.एस्सी. करतीय, ती येऊन बसायची भाचीकडं. तिला वाटत होतं आपल्याकडं बारावीनंतर पीएची डिग्री घेतली की थेट अमेरिका. आपल्याकडं हा कोर्स आहे, १९९२ ला चेन्नईत सुरू झाला, आणि डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्यसेवकांसाठी २०२१ ला जो कायदा झाला त्यात या कामाला जागापण मिळाली. पण अमेरिकेत पीए म्हणून काम करायचं तर तिथला मान्यताप्राप्त कोर्सच करावा लागतो, त्याशिवाय लायसन्सच्या परीक्षेला बसता येत नाही. शिवाय बऱ्याच कॉलेजांना अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी वगैरे विषय तिथल्याच कॉलेजातून केलेले लागतात. कॉलनीतली ती मुलगी जरा हिरमुसली. पण मला वाटतं लाखो रुपये भरल्यावर कळण्यापेक्षा आमच्या ओट्यावर चहा पिताना कळलं ते बरं.

भाची ऑगस्टमध्ये गेली. आई आता वॉकर धरून पाच पावलं टाकते. भिंतीवरचा कागद संपला, दुसरा मी आखून लावलाय, पण माझ्या रेघा वाकड्या. परवा रात्री दोनला अलार्म झाला, उठलो, आणि आधीची कूस लिहायची राहिली होती. तिकडं दुपार असते म्हणून फोन लावला. तिनं विचारलं, कुठला कान लाल आहे बघ.