मिस्टर हूपरचे चित्र

दैनंदिन मालिकेचे चक्र कोणासाठी थांबत नाही. मे २०१७ मध्ये रीमा लागू गेल्या, आणि त्या काम करत असलेल्या ‘नामकरण’ या हिंदी मालिकेतली त्यांची भूमिका रागिणी शाह यांच्याकडे सोपवण्यात आली. निर्मात्यांची अडचण मला समजते. पण त्याच नावाने, त्याच घरात वेगळा चेहरा वावरू लागला की प्रेक्षक म्हणून मी काही दिवस तरी बिचकतोच.

याच्या अगदी उलट वाट अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या कार्यक्रमाने धरली. दुकानदार मिस्टर हूपरची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. दुसरा नट आणणे किंवा हूपर गाव सोडून गेले असे सांगणे सोपे होते. त्याऐवजी नोव्हेंबर १९८३ मधल्या एका भागात त्यांचा मृत्यू उघडपणे सांगितला गेला. बिग बर्ड हा भलामोठा पिवळा पक्षी सर्वांची चित्रे काढून आणतो, वाटतो, आणि हूपरचे चित्र हातात धरून ते कुठे आहेत असे विचारतो. ते गेले आहेत आणि परत येणार नाहीत, हे मोठी माणसे त्याला ‘देवाघरी गेले’ असला आडपडदा न ठेवता समजावतात. मग आपल्याला पक्ष्यांच्या दाण्यांचे मिल्कशेक कोण करून देणार, ही त्याच्या पहिल्या काळज्यांपैकी एक असते, आणि मुलांचे दुःख नेमके असेच, पोटापासून सुरू होते. शेवटी ते चित्र त्याच्या घरट्याजवळ टांगले जाते.