शुक्रवारची चार पानं

शाळेच्या त्या आठवड्याच्या पत्रकात एकाच सहलीच्या दोन तारखा छापल्या होत्या. पहिल्या पानावर मंगळवार, चौथ्यावर बुधवार. मुलीला सोडताना फाटकाशी शाळा सांभाळणाऱ्या सिस्टर उभ्या होत्या, म्हणून मी अगदी सौम्यपणे ते त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी पत्रक हातात घेतलं, दोन्ही पानं पाहिली आणि म्हणाल्या, "खरंय हो. मग पुढचा अंक तुम्हीच बघा की."

मी हसलो. सोमवारी ऑफिसमधल्या बाईंनी माझ्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला, तेव्हा कळलं की सिस्टर हसल्या नव्हत्या.

शाळा छोटी आहे. पट तेव्हा ९७. चर्च आणि शाळा यांच्यामध्ये एकच भिंत, त्यामुळे गणिताच्या तासाला ऑर्गनचा सराव ऐकू येतो. आम्ही कॅथॉलिक नाही. मुलीला इथे घातलं ते वर्ग लहान असतात म्हणून. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कधी असते, फादर आणि बिशप यांच्यात वरचं कोण, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. सिस्टरांना तसं सांगून पाहिलं. "बरंच झालं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला समजलं तर सगळ्यांना समजेल."

पहिले तीन आठवडे कागदाशी झटण्यात गेले. ए-४ कागद मध्ये दुमडला की चार पानं होतात. मजकूर पाच पानांचा झाला तर पाचवं पान जोडता येत नाही. एक तर आठ करा, नाहीतर कापा. शिवाय छापताना पहिलं पान चौथ्याच्या शेजारी आणि दुसरं तिसऱ्याच्या शेजारी यावं लागतं. माझ्या पहिल्या अंकात हे उलटसुलट झालं आणि सिस्टरांचं पत्र हरवलेल्या मोज्यांच्या यादीत जाऊन संपलं. गंमत म्हणजे त्यावर कोणीही तक्रार केली नाही. तेव्हाच मला संशय आला की पहिलं पान फारसं कोणी वाचत नसावं. पुढे खात्री झाली. सगळ्यात जास्त वाचलं जातं ते चौथं पान: तारखा, आणि सापडलेल्या वस्तू.

बातमी म्हणून मी जे लिहायचो ते शुक्रवारपर्यंत फाटकावर शिळं झालेलं असायचं. कोणाच्या घरी बाळ झालं, कोणत्या टीचरचा पाय मुरगळला, स्पर्धेत कोण जिंकलं, हे सगळं पालकांना माझ्याआधी माहीत. मग लोक वाचायचे काय? आपल्या मुलाचं नाव. ते आहे का, आणि बरोबर लिहिलंय का. एवढं कळायला मला ऑक्टोबर उजाडला.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. ज्यांचा फोटो छापायचा नाही अशा मुलांची यादी ऑफिसात असते आणि तिची कारणं विचारायची नसतात. मी एकदा विचारलं. बाईंनी यादी परत ड्रॉवरमध्ये ठेवली. पुन्हा विचारलं नाही.

सप्टेंबरात मात्र बातमी आपण होऊन चालत आली. ७ सप्टेंबर २०२५ ला रोममध्ये कार्लो अक्युटिस या मुलाला संत घोषित केलं गेलं. १९९१ साली जन्मलेला, ल्युकेमियाने २००६ मध्ये, पंधराव्या वर्षी वारलेला. ख्रिस्तप्रसादाशी (मिस्सामध्ये मिळणाऱ्या पवित्र भाकरीशी) निगडित चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने संकेतस्थळ बनवलं होतं. इटलीतल्या असिसीत त्याचा देह ठेवलाय तो जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेला. एरवी संत म्हटलं की झगे आणि दाढ्या काढणारी पाचवीची मुलं या बुटांवर तुटून पडली. मला सव्वीस चित्रं मिळाली आणि त्यातल्या एकोणिसांत चेहऱ्यापेक्षा बूट मोठे होते. तो आठवड्यातून तासभरच व्हिडिओ गेम खेळायचा असं सांगतात, ते वाक्य टीचरांनी मुद्दाम लेखात घातलं होतं. मुलांच्या लेखांमधून ते बरोबर गळलं. मी आठ पानांचा अंक काढला. ऑफिसमधल्या बाई कागदाच्या गठ्ठ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

नोव्हेंबर हा या लोकांचा मृतांची आठवण करण्याचा महिना. २ तारखेला सर्व मृतांचा दिन, आणि महिनाभर चर्चच्या दाराशी एक पेटी. घरोघरची माणसं आपल्या गेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून त्यात टाकतात. शाळेच्या मिस्सासाठी मुलांच्या चिठ्ठ्या वेगळ्या घेतल्या होत्या आणि ती यादी टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. आजी, आजोबा, एका मुलाचे बाबा. मधेच पहिलीतल्या एका मुलाची चिठ्ठी, नावापुढे कंसात 'ससा'.

मी सिस्टरांना विचारलं, हे ठेवायचं का?

"ठेवा. कंस काढा."

मिस्साला मी मागच्या बाकावर बसलो होतो. फादर एकेक नाव वाचत होते. सशाचं नाव आलं, पुढचं आलं. त्या नावाशी ते थांबले नाहीत, हसले नाहीत, आवाजही बदलला नाही. फक्त पुढच्या रांगेतलं एक लहान डोकं मागे वळून सगळीकडे बघायला लागलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून.

नाताळपर्यंतचे दिवस सोपे गेले, कारण त्या दिवसांत मजकूर मागावा लागत नाही. फक्त आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, चक्रात तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी का, असं चार पालकांनी विचारलं, आणि आमचं पत्रक काळ्या शाईचं असल्यामुळे गुलाबी मेणबत्ती नुसतीच आजारी दिसत होती. (ती तिसऱ्या रविवारची. त्या दिवशी वाट बघण्यातला आनंद साजरा करतात.) नाटकाच्या बातमीत मी हौसेने लिहिलं की जिवंत गाय-गाढव उभं करून गव्हाणीचा देखावा संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात मांडला. चर्चमधल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला फाटकावर अडवलं. फ्रान्सिसच्या गव्हाणीशी गाय नव्हती, बैल होता. ते बरोबर होते. माझं चौथं पान दुरुस्त्यांसाठीच आहे असं तोवर मुलांनाही वाटायला लागलं होतं.

पुढची चूक मात्र चौथ्या पानावर मावण्यासारखी नव्हती.

फेब्रुवारीत माझ्याकडे मजकूर तुटपुंजा होता. तिसरीतल्या एका मुलीने सुंदर चित्र दिलं होतं: पानभर फुलं, पक्षी आणि मधोमध मोठ्या अक्षरांत 'आलेलुया', म्हणजे देवाची स्तुती असो. चर्चमध्ये हा शब्द इतक्यांदा कानावर पडायचा की तो कधीही चालतो असं मी धरून चाललो. २० फेब्रुवारीच्या अंकाचं मुखपृष्ठ केलं आणि स्वतःवर खूश झालो. बुधवारी, १८ तारखेला, राखेचा बुधवार होऊन गेला होता. कपाळावर राखेचे क्रूस लावून फिरणारी मुलं मी स्वतः पाहिली होती. पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणापर्यंत, संपूर्ण प्रायश्चित्तकाळात, मिस्सामध्ये आलेलुया म्हणतच नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगण्याची गरज कोणाला वाटावी? माशाला पाणी ओलं असतं हे कोण सांगतं!

शुक्रवारी दुपारी सिस्टरांचा फोन. त्यांचा आवाज विचित्र येत होता. मला वाटलं रागावल्यात. नंतर कळलं, त्या हसू आवरत होत्या.

"अंक वाटून झाले का हो?"

"झाले."

"फादरांनाही गेला?"

"पहिला त्यांनाच."

बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "चौथीच्या टीचरांशी बोला."

चौथीच्या वर्गात एक पत्र्याची पेटी असते. प्रायश्चित्तकाळ सुरू व्हायच्या आधी मुलं कागदावर आलेलुया लिहून, रंगवून त्या पेटीत बंद करतात आणि ईस्टरनंतर बाहेर काढतात. ही जुनी पद्धत आहे, काही ठिकाणी कागद चक्क जमिनीत पुरतात. सोमवारी टीचरांनी मला वर्गात बोलावलं. मुलांनी शाळेतले शिल्लक अंक गोळा करून मुखपृष्ठं फाडून ठेवली होती. एका मुलाने पेटीचं झाकण धरलं आणि मी, बेचाळीस वर्षांचा माणूस, सत्तावीस मुखपृष्ठं आत ठेवली. चित्र काढणारी मुलगी तिसरीतून खास आली होती. तिची एकच अट होती, ईस्टरच्या अंकावर तेच चित्र पुन्हा यायला हवं. ५ एप्रिलला ईस्टर झाला आणि त्यानंतरच्या पहिल्या अंकावर ते आलं. या खेपेला रंगीत, माझ्या खर्चाने.

मार्चमध्ये हसण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या वर्षीचे प्रवेश मोजले तेव्हा पट ८९ वर येणार असं दिसलं. तिसरी आणि चौथी एका वर्गात, एका टीचरकडे बसवायचं ठरलं. फाटकापर्यंत येईतो या बातमीची 'शाळा बंद होतेय' झाली होती. दोन पालक दुसरीकडे चौकशी करून आले होते. सिस्टरांनी मला अर्धं पान लिहायला सांगितलं.

नोकरीत अशी पत्रं मी रोज लिहितो. 'काही शैक्षणिक पुनर्रचना प्रस्तावित असून पालकांनी निश्चिंत राहावे' वगैरे. सिस्टरांनी ते वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

"निश्चिंत राहा म्हटलं की माणूस उठून बसतो," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच पेनाने लिहिलं: पुढच्या वर्षी आपला पट ८९ असेल. तिसरी-चौथी एकत्र बसतील. शाळा चालू राहील. प्रश्न असतील त्यांनी गुरुवारी हॉलमध्ये यावं, मी असेन.

एवढंच छापलं. अर्धं पान कोरं राहिलं आणि ते मी भरू नये अशी सक्त ताकीद होती.

गुरुवारी खुर्च्या कमी पडल्या. एकजण उठून म्हणाले, सिस्टर म्हणतात चालू राहील, पण उद्या बिशपांच्या मनात आलं तर? फादरांनी आडवळण घेतलं नाही. कॅथॉलिक शाळांवर देखरेख करण्याचा हक्क धर्मप्रांताच्या बिशपांना आहे, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठलीही शाळा स्वतःला कॅथॉलिक म्हणवू शकत नाही, हे त्यांनी सांगितलं. आत्ता तसा काही विषय नाही, हेही सांगितलं. पुढच्या पाच वर्षांची हमी मागितली गेली तेव्हा ते "देता येत नाही" म्हणाले. दोनांतलं एक कुटुंब गेलंच. दुसरं राहिलं. मी वृत्तान्तात दोन्ही लिहिलं, नावं न देता.

मे महिन्यात प्रथम ख्रिस्तप्रसाद. हा सोहळा प्राथमिक शाळेच्या वाट्याला येतो त्याचं कारण पोप दहावे पायस. पूर्वी मुलांना त्यासाठी दहा-बारा वर्षांची, कुठे त्याहून मोठी होईपर्यंत थांबावं लागे. १९१० साली त्यांनी ते वय साधारण सातवर आणलं, मुलाला बरंवाईट कळू लागतं ते वय. आमच्याकडे अकरा मुलं होती. मी नावं तीन वेळा तपासली आणि दहा छापली.

घडलं असं की एका मुलीचं शाळेच्या पटावरचं नाव वेगळं आणि स्नानसंस्काराच्या नोंदीतलं वेगळं. तेच आडनाव असलेली आणखी एक मुलगी यादीत होती. दोन याद्या जुळवताना मी दोघींची एक करून टाकली. आईचा फोन आला नाही, वडिलांचाही नाही. सोमवारी ती स्वतःच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, मी पण होते."

मला काय बोलावं सुचेना. ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. मी सिस्टरांना म्हणालो, चौथ्या पानावर दुरुस्ती देतो.

"चौथ्यावर मोज्यांची छापा," त्या म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी पहिल्या पानावर फक्त तिचं नाव होतं. दोन्ही नावं, चौकटीत, खाली तारीख. सिस्टरांचं पत्र त्या आठवड्यात तिसऱ्या पानावर गेलं. उरलेल्या दहा जणांना आपलं नाव चुकून का गळलं नाही याचं दुःख झाल्याचं त्यांच्या टीचरांनी सांगितलं.

त्या मिस्साच्या वेळी माझी मुलगी गायनाच्या रांगेत होती. ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही अशी मुलं छातीवर हातांची फुली करून पुढे जातात आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात. तीही गेली. घरी आल्यावर तिने पत्रक चाळलं आणि गाणाऱ्यांची नावं कुठे आहेत असं विचारलं. नव्हतीच. मला सुचलं नव्हतं. आता तो नियम केलाय: सोहळा कोणाचाही असो, गाणारे, खुर्च्या लावणारे, मेणबत्त्या धरणारे, सगळे छापायचे. त्यामुळे पानं कमी पडतात आणि ऑफिसमधल्या बाई कागद मोजून देतात.

पेन ड्राइव्ह परत करायला गेलो तर बाईंनी तो घेतला नाही. मग घरी येऊन पुढच्या वर्षाचं वेळापत्रक केलं. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला. म्हणजे राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला. ती राख गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून करतात, तेव्हा घरातल्या जुन्या झावळ्या शाळेत आणून द्या, ही सूचना २९ जानेवारीच्या अंकात जायला हवी. चौथ्या पानावर, मोज्यांच्या वर.