अडकलेला पायलट जेट

नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या घराच्या पडवीत काकांची बुलेट ३५० सात वर्षे उभी होती. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, वाटीतले पेट्रोल उडून जायला वेळ लागत नाही. मागे उरतो तो आधी चिकट आणि पुढे लाखेसारखा कडक होणारा तपकिरी थर. या दिवाळीत मी तिचा मिककार्ब बनावटीचा कार्बोरेटर उतरवला, तेव्हा केबल ओढूनही स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग, हलत नव्हती आणि पायलट जेट, म्हणजे मंद गतीला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा पितळी भाग, तर बॉडीशी एकजीव झाला होता.

स्लाइडचा प्रश्न सोपा निघाला. कार्बोरेटर क्लीनर वरून सोडून रात्रभर ठेवला, आणि सकाळी लाकडी दांडीने खालून हलकेच दाबताच ती वर सरकली. तिथे पक्कड लावणे मला मान्य नाही, कारण स्लाइडवर ओरखडा उमटला की ती पुन्हा कधीच सुरळीत चालत नाही.

पायलट जेटने मात्र तीन दिवस घेतले. तो खोल भोकात बसतो आणि त्याच्या डोक्यावरची खाच इतकी अरुंद असते की पाते जरा लहान पडले तरी पितळ सोलवटते. माझ्याआधी कोणीतरी नेमके तेच केले होते आणि खाचेची एक बाजू झिजलेली होती. म्हणून मी एक जुना पेचकस कानशीने घासून त्या खाचेत घट्ट बसेल असा केला. रबरी सील, फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) आणि वाटी काढून, पेट्रोलचा मागमूस राहणार नाही अशी बॉडी धुऊन वाळवली आणि ती उकळत्या पाण्यात दहा मिनिटे बुडवली. बॉडीचा मिश्रधातू पितळापेक्षा किंचित अधिक प्रसरण पावतो, त्यामुळे आट्यांमधली पकड ढिली होते. आच लावण्याची घाई करू नये, कारण बॉडीचा हा जस्ताचा मिश्रधातू सुमारे ३८० अंशांनाच वितळू लागतो. व्हिनेगर किंवा लिंबाचा रसही मी वापरत नाही. मळाबरोबर तो धातूही खातो.

गरम करायचे, अडकलेल्या आट्यांत झिरपणाऱ्या भेदक तेलाचे दोन थेंब सोडायचे, थंड होऊ द्यायचे आणि मग पेचकस आधी घट्ट करण्याच्या दिशेने केसभर दाबून पाहायचा, असे तीन संध्याकाळी चालले. तिसऱ्या संध्याकाळी बारीकसा 'टिक्' आवाज झाला आणि जेट फिरला. आई स्वयंपाकघरातून विचारती झाली, "काय तुटलं रे?" काहीच तुटले नव्हते.

जेटच्या छिद्रात तार घालण्याचा मोह मी टाळला, कारण ते अगदीच बारीक असते आणि तारेने ते रुंदावले की मंद गतीचे मिश्रण कायमचे बिघडते. नायलॉनच्या ब्रशचा एकच केस क्लीनरमध्ये भिजवून आत फिरवला, हवेचा झोत मारला आणि जेट बल्बसमोर धरला. मधोमध उजेडाचा एक गोल ठिपका दिसला.