मोहिमेचा पहिला रविवार

आज नागपूरच्या धरमपेठेत ५ जणांची स्कर्मिश मोहीम, म्हणजे छोट्या टोळ्यांच्या टेबलावरच्या लढायांची मालिका, सुरू झाली. ३ बाय ३ फुटांचं टेबल, प्रत्येकाकडे २८ मिमीच्या ८ मिनिएचर (योद्ध्यांच्या छोट्या मूर्ती), हीच त्याची टोळी. मैदान मोकळं ठेवलं की धनुर्धारी दुसऱ्या फेरीतच खेळ संपवतात. म्हणून वीत-वीतभर अंतरावर पडकी भिंत, पिंप, काहीतरी आडोसा हवाच.

थर्माकोलच्या भिंतींवर थेट स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारू नका. त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, खड्डे पडतात. आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात, वाळल्यावर ॲक्रिलिक. आणि नागपूरच्या उन्हात भर दुपारी तर स्प्रे नकोच! थेंब हवेतच वाळतो, मिनिएचरच्या चेहऱ्यावर रवाळ थर बसतो. सकाळी ७ च्या आत, २०-२५ सेंमीवरून.

हरणाऱ्या टोळीला जास्तीचा अनुभव (टोळीची ताकद वाढवणारे गुण) द्या, नाहीतर ती मागेच पडत जाते. जखमा ठरवणारे फासे मात्र समोरासमोरच टाकायचे.