आठवीनंतरचं ताट

आठवी संपली की शाळेतलं सरकारी ताट संपतं. पोषण आहार पहिली ते आठवी, पुढं नाही. आश्रमशाळेतल्या मुलांना त्यानंतरही, दहावी-बारावीपर्यंत, दोन वेळचं जेवण तिथंच मिळतं. मग बारावीचा निकाल लागतो, मूल एफ.वाय.ला येतं आणि 'आज जेवायचं कुठं' हा प्रश्न पहिल्यांदाच त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येऊन पडतो. वय अठरा, गाव नवं, चौघांत मिळून एक खोली, आणि खिशात आईवडिलांनी भात लावणीच्या मजुरीतून काढून दिलेले पैसे.

मी पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं विद्यार्थी विकास अधिकारी म्हणूनही काम बघते. आमच्याकडची बरीच मुलं अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून येतात. राजूर, कोतूळ, भंडारदऱ्याच्या पलीकडच्या वाड्या. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुलं यात पुष्कळ. या कामातून मला जे पटलं ते आधीच सांगून टाकते. कॉलेजातल्या मुलाची भूक शिजवलेल्या ताटानंच भागते. पैसा हवाच, पण पैसा येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि भूक लागते जुलैत.

योजना नाहीत असं नाही. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, २०१६-१७ पासून. आदिवासी मुलांसाठी तशीच स्वयंम योजना आहे, वसतिगृहं आहेत. मुलींसाठी २०२४ च्या जुलैत व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, आठ लाखांच्या उत्पन्नाच्या आतल्या घरांसाठी. हे सगळं चांगलंच आहे, आणि ते मिळवून द्यायला आम्ही जिवाचं रान करतो. पण आकडे एकदा नीट बघा. स्वाधारमध्ये पुण्यामुंबईत शिकणाऱ्याला वर्षाचे ६०,००० रुपये ठरले, त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि इतर खर्चाचे ८,०००. गाव लहान तशी रक्कम कमी. बी.ए., बी.एस्सी.च्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला २०२१ च्या सुधारित शिष्यवृत्तीत निर्वाहासाठी वर्षाला वसतिगृहात राहत असेल तर ६,००० आणि घरून येत असेल तर ३,०००. म्हणजे वसतिगृहातल्या मुलाला महिन्याला पाचशे रुपये. खानावळीचा महिन्याचा डबा यात किती दिवस चालेल, हे ज्याचं त्यानं मोजावं.

आणि ते पाचशेही महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मग कॉलेजकडून तपासणी, मग जिल्ह्याच्या कार्यालयाकडून. दाखल्यासाठी सेतू केंद्रात हेलपाटे. सगळं झालं की पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि इथं मुलं हमखास अडकतात. आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं गेलं त्या खात्यात रक्कम जाते. आश्रमशाळेत असताना कुणीतरी शाळेतच येऊन झिरो बॅलन्सचं खातं उघडून गेलेलं असतं. त्याचं पासबुक घरी पत्र्याच्या पेटीत, मोबाइल नंबर बंद झालेला. पैसे तिकडं जाऊन पडतात आणि पोरगं इकडं रोज माझ्या टेबलाशी येऊन विचारतं, "मॅडम, आलं का काही?" म्हणून हल्ली प्रवेशाच्या दिवशीच आम्ही प्रत्येकाचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते तपासून घेतो. काम दोन मिनिटांचं, पण त्यानं पुढचे चार महिने वाचतात.

एसटीचंही असंच. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत पास मोफत. बारावी झाली की पाससाठी पैसे मोजायचे. विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत असते हे खरं, पण उरलेला एक तृतीयांश महिन्याच्या सुरुवातीला एकदम भरावा लागतो. ज्या घरात आठवड्याच्या बाजारावर चूल चालते, तिथं ही रक्कम लहान नसते. मग मुली काय करतात? जेवणातून वाचवतात. पहिल्या एसटीनं येतात, प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळच्या गाडीनं जातात, आणि मधल्या वेळात त्यांच्या पोटात चहा आणि बिस्किटाचा पुडा. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "भूक नाही मॅडम, घरून खाऊन आलेय." सकाळी साडेपाचला निघालेली मुलगी घरून काय खाऊन येणार?

इथं खोली करून राहणाऱ्या मुलांचा आधार म्हणजे एसटीचा डबा. आई पहाटे भाकरी थापते, बाप गाडी सुटायच्या आत डबा फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवतो, आणि मुलगा स्टँडवर येऊन आपल्या नावाची चिठ्ठी ओळखून तो उचलतो. महाराष्ट्रात कितीतरी पिढ्या या डब्यावर शिकल्या. पण हा डबा रस्त्यावर अवलंबून. करोनानंतर २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं प्रत्यक्ष सुरू झाली, आणि मुलं जरा स्थिरावतात तोच एसटीचा संप सुरू झाला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आमच्याकडं त्या हिवाळ्यात वर्ग ओस पडले. ज्यांना वडापचं, म्हणजे खासगी जीपचं, भाडं परवडत नव्हतं ती मुलं आलीच नाहीत, आणि जी खोलीवर राहिली त्यांचे डबे बंद झाले. तिथून आमच्या मेसचा विचार सुरू झाला.

खरं तर यात नवं काही नाही. महाराष्ट्रात शिक्षण पसरलं तेच स्वयंपाकघराला धरून. पुण्यात गरीब मुलगा वार लावून जेवायचा, सात वारांची सात घरं, नाहीतर माधुकरी मागायचा. ती वाट मोजक्या जातींपुरती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभारायला सुरुवात केली ती हे ओळखून, की खेड्यातल्या मुलासाठी शाळा उघडून भागत नाही, त्याची राहण्याजेवण्याची सोय लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली. मुलांना जेवायला घालायला धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास सांगताना ही गोष्ट नेहमी डोळ्यांत पाणी आणून सांगितली जाते. मला त्यातला व्यवहार दिसतो. त्या माउलीनं मुलांना असं सांगितलं नाही की मदत मंजूर झाली आहे, मार्चपर्यंत थांबा. संध्याकाळच्या जेवणाची वेळ झाली होती, आणि तिनं ती वेळ पाळली.

२०१८ च्या जुलैत आमच्या भागातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं धोरण आलं, आणि त्याच्या विरोधात आदिवासी मुलंमुली पुण्याहून नाशिकला पायी निघाली. भर पावसाळा. त्यांची मागणी ऐकून अनेक शहाण्यासुरत्या माणसांना नवल वाटलं: पैसे हातात मिळतायत तर नको का म्हणतात ही पोरं? मुलं सांगत होती ते अगदी साधं होतं. पैसे वेळेवर येत नाहीत. आले की घरी कुणीतरी आजारी असतं, बियाण्याची नड असते, आणि मुलगा ते घरी पाठवतो. जेवणाचं ताट कुणी घरी पाठवू शकत नाही. अठरा वर्षांची मुलं कुठल्याही अहवालापेक्षा नेमकं बोलत होती.

आमच्या कॉलेजात जे चालू आहे ते फार मोठं नाही. कॅन्टीनचं काम एका महिला बचत गटाकडं आहे. दुपारी पोळी किंवा बाजरीची भाकरी, भाजी, आमटी आणि भात. भात भरपूर. पश्चिमेकडची मुलं भातावर वाढलेली, त्यांना दोन पोळ्यांनी जेवल्यासारखं वाटत नाही. हे आम्हाला मेसच्या मावशींनी सांगितलं, आणि पहिल्या आठवड्यातच भाताचं पातेलं बदललं. प्राध्यापक आणि कार्यालयातले लोक पगारातून दरमहा ठरावीक रक्कम देतात, काही माजी विद्यार्थीही देतात. त्यातून गरजू मुलांच्या ताटाचे पैसे गटाला थेट जातात. उधारी नाही, कारण त्या बायांचंही घर त्यावर चालतं.

मेसचं कार्ड सगळ्यांचं एकच. प्राध्यापकांच्या मुलांचं, बागायतदाराच्या मुलीचं आणि ज्याचं ताट निधीतून येतं त्याचंही. रंग एक, नंबर एकाच ओळीतले. कुणाचे पैसे कुठून येतात हे फक्त माझ्या वहीत आणि गटाच्या अध्यक्षबाईंना ठाऊक. सुरुवातीला सूचना आली होती की लाभार्थ्यांची यादी नोटीस बोर्डावर लावावी, पारदर्शकता राहील. मी ठाम नाही म्हटलं. हिशेब प्राचार्य तपासतात, लेखापरीक्षक तपासतो, तेवढी पारदर्शकता पुरे. मुलाचं नाव गरीब म्हणून भिंतीवर लावून त्याला जेवायला बोलवायचं असेल, तर तो येणार नाही. उपाशी राहील, पण येणार नाही. ही मुलं मानी आहेत आणि त्यांनी तसंच राहावं.

दाखलाही मागत नाही. दाखला यायला दीड महिना लागतो, तोवर मूल खोली सोडून गावी गेलेलं असतं. वर्गशिक्षकाचा एक शब्द पुरतो. 'मग कुणीही फायदा घेईल' असं म्हणणारे असतात. ज्याच्या घरून चांगला डबा येतो तो मेसच्या रांगेत फुकटच्या आमटीसाठी उभा राहत नाही, हे मी रोज बघते. शिवाय गरज कळायला दुसऱ्याही खुणा असतात. दरवर्षी कॉलेजात रक्तदान शिबिर होतं. रक्त घेण्याआधी बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघतात, साडेबाराच्या खाली असेल तर परत पाठवतात. उत्साहानं रांग लावलेल्या किती मुली त्या टेबलावरून परत फिरतात ते पाहिलं, की उत्पन्नाच्या दाखल्याची मला गरज राहत नाही. त्या मुलींशी मी नंतर एकेकटीशी बोलते. पाळीविषयी, लोहाच्या गोळ्यांविषयी, आणि दुपारी काय खातेस याविषयी.

कमवा व शिका योजनेचा याला मोठा आधार आहे. विद्यापीठात ती कर्मवीरांच्याच नावानं चालते. आमच्याकडची मुलं ग्रंथालयात, प्रयोगशाळेत आणि माझ्या आवडीच्या जागी, रोपवाटिकेत काम करतात. पिशव्या भरणं, कलमं बांधणं, रोपांना पाणी. गेल्या पावसाळ्यात मुलांनी हिरड्याची आणि करवंदाची रोपं तयार केली, ती गावकऱ्यांनी विकत नेली. जी मुलं घरी भात लावून आली आहेत त्यांना माती शिकवावी लागत नाही, उलट मीच त्यांच्याकडून शिकते. मात्र एक गोष्ट मी सगळ्या कॉलेजांतल्या सहकाऱ्यांना कळकळीनं सांगेन: ही योजना वर्ग सुरू होतात त्याच आठवड्यात सुरू करा. निवड समिती, मुलाखती, मंजुरी करत करत ती दिवाळीच्या तोंडावर सुरू झाली, तर ज्यांच्यासाठी आहे त्यांतले काहीजण तोवर चाकण किंवा सिन्नरच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागलेले असतात. आमच्याकडं मंजुरी येईपर्यंतचे कामाचे पैसे निधीतून उचल म्हणून देतो, विद्यापीठाची रक्कम आली की वळते करतो. कार्यालयाला थोडा जास्त हिशेब ठेवावा लागतो. ठेवतात बिचारे, तक्रार न करता.

रात्रीचं जेवण अजून जमलेलं नाही. कॅन्टीन पाचला बंद होतं. गटातल्या बायांना आपापल्या घरी जायचं असतं आणि त्यांनी थांबावं असं म्हणायचा हक्क आम्हाला नाही. खोलीवर राहणाऱ्या मुली दुपारच्या भाकऱ्यांतली एखादी रुमालात बांधून नेतात, मावशी बघून न बघितल्यासारखं करतात. ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं असतं, परीक्षेच्या दिवसांत अकरापर्यंत, आणि तिथं बसणारी मुलं तीच, ज्यांच्या खोलीवर धड दिवा नाही. यंदा विचार असा आहे की संध्याकाळी सहाला दोन मोठी पातेली भरून खिचडी करायची, कमवा व शिकातल्या चार मुलामुलींनी ती करायची आणि त्यांना त्याचे तास लावायचे. गॅसची आणि आगीच्या सुरक्षिततेची परवानगी घ्यायला प्राचार्यांनी सांगितलं आहे, त्यासाठीचा अर्ज काल मी नगरपरिषदेत दिला. तांदूळ एका माजी विद्यार्थ्यानं कबूल केला आहे, राजूरकडचा. डाळीचं अजून बघायचंय.