बीएडचं ठरलं एकदाचं

आज सकाळी आमच्या जुन्या हायस्कूलच्या बाईंना भेटायला गेले होते. बीएस्सी होऊन वर्ष झालं, घरी रोज तेच, एमएस्सी कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे, आणि मला तर नववी-दहावीला विज्ञानच शिकवायचंय. बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. डीएड पहिली ते आठवीसाठी, माझ्या कामाचं नाही. बारावीनंतरचा ४ वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स, म्हणजे पदवी आणि बीएड एकत्र, आता सुरू झालाय पण माझी ती वेळ गेली. मग उरलं बीएड, २०१५ पासून २ वर्षांचं झालंय, आधी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची, मग कोर्समध्ये जवळपास २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे, आणि खरं सांगू, मला तेच सगळ्यात जास्त हवंय. नंतर २०० मार्कांची टेट, म्हणजे शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, आणि मग पवित्र पोर्टल, जिथून सरकारची शिक्षक भरती होते. सहावी ते आठवी पण हवी असेल तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पण काढून ठेव म्हणाल्या.

भरती कधी निघेल याची भीती आहेच, माझी मावसबहीण बीएड करून ३ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय, तिचे हाल डोळ्यासमोर आहेत. तरी बाईंनी उठता उठता नववीच्या वर्गात नेलं आणि खडू हातात दिला, दहा मिनिटं आम्ल-आम्लारी शिकवलं, मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली ताई उद्या पण या ना.

घरी येऊन पप्पांना सांगितलं, सीईटीचा फॉर्म भरतेय. ते म्हणाले, भर.